इथे पुढची रांग नाही

नाक दाबू नका. वास घोड्यांचाच आहे. कालपरवापर्यंत इथे तबेला होता, आणि लाकूड कितीही घासलं तरी त्यातून लिदीचा वास जात नाही. त्यात शेजारच्या वखारीतल्या ताज्या फळ्यांचा वास मिसळलाय. जवळच थडग्यांचे दगड घडवणाऱ्याचं दुकान आहे. साल 1906, ऐन उन्हाळा, शहर लॉस एंजेलिस. सॅन पेड्रो स्ट्रीटवरून तुम्ही आत वळलात ती ही आखूड गल्ली, अझुसा स्ट्रीट. पुढे रस्ता नाही, त्यामुळे चुकून कुणी येत नाही. तरीही गर्दी बघा.

ती समोरची चौकोनी, दुमजली, चुना फासलेली लाकडी इमारत म्हणजे आपलं ठिकाण. काही वर्षांपूर्वी इथे कृष्णवर्णीयांचं एक मेथडिस्ट चर्च भरायचं. ते दुसरीकडे गेलं, मग आग लागली, उतरतं छप्पर जळून गेलं आणि वरचा मजला सपाट, बोडका राहिला. खालच्या मजल्यावर लोकांनी घोडे बांधले, लाकूड रचलं, अडगळ टाकली. आता महिना आठ डॉलर भाड्याने ही जागा घेतलीय. मनोरा नाही, घंटा नाही. घंटेची गरजही नाही, कारण आतला आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येतोय.

चला आत. जरा जपून, दाराशी माणसं कोंबली आहेत. खिडक्यांतही डोकी आहेत; त्यातली निम्मी खिदळायला आलेली पोरं. जमिनीवर लाकडाचा भुसा आणि पेंढा अंथरलाय, बुटाखाली तो दबतो आणि धूळ उडते. छत इतकं ठेंगणं की उंच माणसाने हात वर केला तर बोटं टेकावीत. आणि इथे सगळेच हात वर करतात. घाम, तंबाखूचा वास येणारे कोट, साबणाचा वास येणारे झगे, आणि माश्या. कपाळावरची माशी हाकलू नका, दुसरी येईल. पंखा वगैरे विसरा.

बसायचंय? बसा की. खिळ्यांची रिकामी पिंपं उभी करून त्यांवर फळ्या टाकल्यात, तीच बाकं. टेकायला पाठ नाही. तुमच्या डावीकडे सरकून जागा देणारी बाई लोकांचे कपडे धुते, तिच्या बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्यात. उजवीकडच्या गोऱ्या गृहस्थांच्या जाकिटावर घड्याळाची साखळी लोंबते. मागे एक मेक्सिकन जोडपं आहे. अशी माणसं एका बाकावर बसलेली या देशात दुसरीकडे सहसा दिसणार नाहीत. दक्षिणेकडच्या राज्यांत तर आगगाडीचे डबेसुद्धा कातडीच्या रंगाप्रमाणे वेगळे आहेत.

पण तुमचं लक्ष तिकडे नाही. तुमची मान उंच झालीय, डोळे पुढची रांग शोधताहेत. सवय आहे आपली. सभागृहात शिरलं की आधी बघायचं, सोफे कुठे मांडलेत, ‘आमंत्रितांसाठी राखीव’ असा कागद कुठे चिकटवलाय, मंचावर किती खुर्च्या आहेत आणि मधली कुणाची. मग शाल, श्रीफळ, आणि मान्यवरांची नावं घेण्यात गेलेला अर्धा तास. इथे शोधून काही सापडणार नाही. मंचच नाही. बाकं सगळ्या बाजूंनी मांडलेली आणि सगळ्यांची तोंडं मधोमध वळलेली. समोर बघावं तर समोरच्या बाकावरचा माणूस तुमच्याकडेच बघत असतो. पुढची रांग म्हणावी तर मधल्या जागेच्या भोवतीची. तिथे आज जो लवकर आला तो बसलाय. बहुतेक एखादी मोलकरीण असेल, सकाळी दहापासून.

आता मधे बघा. एकावर एक ठेवलेली दोन लाकडी खोकी. दुकानात बूट भरून येतात ना, तसली. वर सुती कापड घातलंय. हे इथलं पुलपीट. खोक्यांमागे एक माणूस बसलाय आणि त्याचं डोकं दिसत नाही.

घाबरू नका, डोकं आहे. वरच्या खोक्यात घातलंय. तो प्रार्थना करतोय. हेच इथले पाळक, विल्यम सीमोर.

थोडा वेळ थांबा, ते डोकं बाहेर काढतील. काढलंच. पस्तिशीतला, अंगाने भरलेला, दाढी राखलेला माणूस. देवीच्या आजारात एक डोळा गेलेला. आई-वडील लुइझियानातले, गुलामगिरीत जन्मलेले. स्वतः सीमोर हॉटेलांत वेटरचं काम करून पोट भरत आले. तुम्हाला वाटत होतं, एवढी गर्दी खेचणारा म्हणजे गर्जना करणारा असेल. ते तर शेजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात दोन वाक्यं बोलतात, कुणीतरी त्यांचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत गाणं उचलतं, आणि सीमोर शांतपणे परत खोक्यात. कुणी आडवं आलं म्हणून रागावणं नाही, ‘माझं होऊ द्या’ म्हणणं नाही.

सीमोर इथवर आले त्याची गोष्ट कानात सांगतो, गाण्यात ऐकू जाईल तेवढी ऐका. टेक्सासात ह्यूस्टनला चार्ल्स पारहॅम नावाचे गोरे उपदेशक बायबल शिकवत. सीमोरना शिकायचं होतं, पण काळ्यांना गोऱ्यांबरोबर वर्गात बसायला मनाई. तेव्हा दार किलकिलं ठेवलं गेलं आणि सीमोर बाहेरच्या बोळात बसून शिकले. एकलव्याची आठवण आली असेल तर ती तुमच्याजवळच ठेवा, इथे अंगठा कुणी मागितला नाही. मग लॉस एंजेलिसमधल्या एका छोट्या मंडळीने त्यांना बोलावलं, शिकवण पटली नाही म्हणून थोड्याच दिवसांत दाराला कुलूप लावून बाहेर ठेवलं. ते एका झाडूवाल्याच्या घरी राहिले. मग दुसऱ्या एका झाडूवाल्याच्या, ॲस्बरींच्या, बॉनी ब्रे स्ट्रीटवरच्या घरी प्रार्थना सुरू झाल्या. एप्रिलमध्ये तिथे एवढी माणसं लोटली की घराचा पुढचा ओटा कोसळला. म्हणून हा तबेला.

म्हणजे दाराबाहेर बसण्याचा ज्याला पुरेपूर अनुभव आहे, त्याने ही बाकं लावलीत. मांडणीकडे पुन्हा एकदा बघा.

गाणं थांबलं. वाद्य नाही, गाण्यांची पुस्तकं नाहीत. ज्याला जे आठवेल ते तो सुरू करतो आणि बाकीचे टाळ्यांनी, पायांनी ताल धरतात. फळी तुमच्याखाली थरथरत होती ती आता स्थिर झाली. आज कोण बोलणार? फलक नाही, कार्यक्रमपत्रिका नाही. उठेल तो बोलेल. ती बघा, तुमच्या डावीकडची धोबीण उठली. साक्ष देतेय: कुठून आली, काय सोसलं, काल रात्री प्रार्थनेत काय झालं. मधेच रडते, मधेच हसते. पलीकडे एक गोरी बाई मांडीवर वही ठेवून भराभर पेन्सिल चालवतेय. त्या क्लारा लम, लघुलिपी येणाऱ्या. धोबिणीचा शब्द न् शब्द उतरून घेणं हे त्यांचं काम. सप्टेंबरात इथून ‘द अपॉस्टॉलिक फेथ’ नावाचं चार पानी फुकट वर्तमानपत्र निघू लागेल, त्यात अशा साक्षी छापल्या जातील. शिकलेल्या बाईने अडाणी बाईचं लिहून घ्यायचं आणि मधे आपलं काही घुसडायचं नाही. हे काम जमणारी माणसं आजही मोजकीच.

तिकडे कोपऱ्यात लूसी फॅरो दिसतात का? वयस्क, साध्या पोशाखातल्या. गुलामगिरीतच जन्मलेल्या. ह्यूस्टनला सीमोर आणि पारहॅम यांची गाठ पडली ती त्यांच्यामुळे. कुणी प्रार्थना मागितली की त्या जवळ जाऊन डोक्यावर हात ठेवतात. आत्ता त्यांच्यापुढे गुडघ्यांवर आहेत ते कोटवाले गृहस्थ स्वतः पाळक असावेत, कॉलरवरून वाटतं. गोरा पाळक, आणि डोक्यावर एकेकाळच्या गुलाम बाईचा हात.

मधेच कुणीतरी कळत नसलेल्या भाषेत बोलू लागेल. दचकू नका. एखादा माणूस भुशावर आडवा पडेल, शेजारचे त्याच्याभोवती जागा करतील. पवित्र आत्म्याचं सामर्थ्य की नुसता आवेश, यावर वाद घालणारे आजही बाहेर उभे आहेत, पुढेही उभे राहतील. मी त्यात पडत नाही. मला ती दोन खोकी जास्त नवलाची वाटतात. शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्राने एप्रिलमध्येच या जागेची टर उडवली. ती छापून आली त्याच पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला. वाचणारे आणि घाबरलेले, दोन्ही प्रकारचे लोक इकडे वळले. बातम्यांत खिल्ली अगम्य भाषांची असायची, पण काळ्या-गोऱ्यांचं हे गळ्यात गळा घालणंच लोकांना जास्त झोंबत होतं.

आता गंमत बघा. ते साखळीवाले उजवीकडचे गृहस्थ उठले. घसा खाकरला. मोठ्या शहरातल्या मोठ्या चर्चमधून आलेत, हे त्यांनी पहिल्या वाक्यात सांगितलं, दुसऱ्यात पदवी. लोक त्यांना अडवत नाहीत. कुणी ‘बसा खाली’ म्हणत नाही. फक्त कुणी ऐकतही नाही. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत माणसं मान खाली घालून पुटपुटत प्रार्थना करू लागतात. गृहस्थांचं वाक्य लांबतं, मग अडखळतं. गळ्यातून आवाज निघेना. दोन मिनिटांनी ते फळीवर परत, तुमच्याशेजारी, आणि कपाळाचा घाम पुसताहेत. आगाऊपणाने बोलायला उभ्या राहिलेल्यांची इथे अशीच गत होते, हे इथे नेमाने येणाऱ्या फ्रँक बार्टलमन या लेखकाने नोंदवून ठेवलंय. हसू आवरा. त्यांना पाणी द्या. पुढच्या आठवड्यात हेच गृहस्थ भुशात गुडघे टेकून दिसतील, किंवा मग दिसणारच नाहीत.

दानाची थाळी फिरेल म्हणून खिसे चाचपू नका. थाळी नाही. दाराजवळ एक पेटी ठोकलीय, टाकायचं तर जाताना टाका. कोणी किती टाकलं हे बघायला कुणी उभं नाही.

वरही एकदा डोकावून येऊ. जिना चढताना आवाज खाली करा, वर कुजबुजीपेक्षा मोठं बोलायचं नाही असा नियम आहे. लांबट खोली, फळ्या, खुर्च्या. आजारी माणसं, त्यांच्याजवळ बसलेली माणसं. सीमोर आणि इतर काही जण याच मजल्यावर राहतात. कामकाज बघायला जी मंडळी बसते तिच्यात काळे आहेत, गोरे आहेत, आणि बायका बऱ्याच. फ्लॉरेन्स क्रॉफर्ड, जेनी मूर, क्लारा लम. कुणाला उपदेशक म्हणून पाठवायचं, कुणाला थांबवायचं, हे ही मंडळी ठरवते. या देशातल्या बहुतेक राज्यांत बायकांना राष्ट्राध्यक्ष निवडताना अजून मत नाही, आणि इथे उपदेशक कोण हे ठरवणाऱ्यांत बायका आहेत.

टेबलावरची पत्रं बघा. जगभरातून येतात. हिंदुस्थानातल्याही बातम्या या मंडळीच्या कानावर आहेत, आणि त्यांतली एक आपल्या घरची. दौंडकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी केडगाव स्टेशन बघितलं असेल. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये गेल्या वर्षी, 1905 च्या जूनमध्ये, असाच गलका उठला होता. दुष्काळातून उचलून आणलेल्या, निरनिराळ्या जातींच्या मुली, बालविधवा, एकाच आवारात राहणाऱ्या. एका रात्री एका मुलीला प्रार्थनेत असं काही झालं की शेजारचीला ती पेटलेली दिसली, आणि ती बादलीभर पाणी आणायला धावली, असं सांगतात. तेव्हा तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी त्या दिवसांबद्दल लिहिलंय. संस्कृतात पारंगत, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिलेली चित्पावन बाई, म्हणजे रमाबाई, त्या मुलींमध्ये राहत होती. अझुसा स्ट्रीटच्या आधी केडगाव, हे तारखांवरून स्पष्ट दिसतं. 

आपल्याकडे काळाचं तिकीट आहेच, तर थोडं पुढे सरकू. ऑक्टोबर. दारातून चार्ल्स पारहॅम आत येताहेत, तेच ह्यूस्टनचे शिक्षक. त्यांना वाटलं, शिष्याने आपलं काम वाढवलंय, आता आपण येऊन सूत्रं हाती घ्यावीत. बोळात बसवलेल्या विद्यार्थ्याने त्यांना बोलायला मोकळी जागा दिली. पारहॅमनी भोवती बघितलं: काळी-गोरी माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडलेली, रडणारी, बायका-पुरुष एकत्र. त्यांना शिसारी आली आणि त्यांनी ती लपवली नाही. मंडळीने त्यांना निरोप दिला. त्यांनी शहरात दुसरीकडे सभा मांडल्या. दाराला इथे त्यानंतरही कुलूप नव्हतं.

नोव्हेंबर. उत्तर कॅरोलायनाहून गॅस्टन कॅशवेल नावाचे गोरे उपदेशक आगगाडीने अख्खा देश ओलांडून आलेत. वाचून आले होते की इथे देव भेटतो. देव कुणाच्या हातून भेटणार हे वाचलं नव्हतं. एका काळ्या तरुणाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. ते उठून खोलीवर गेले. त्या खोलीत आपण शिरायचं नाही. स्वतःशी झटापट करणाऱ्याला माणसं लागत नाहीत. पण नंतर बघा, तेच परत आले. या वेळी स्वतःहून सीमोर आणि इतर काळ्या भावांना म्हणाले, माझ्यासाठी प्रार्थना करा, हात ठेवा. मग ते दक्षिणेत परतले आणि पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याची, म्हणजे पेंटेकॉस्टची, ही शिकवण तिकडे गावोगाव त्यांच्यामुळे पोचली.

हे सगळं असंच टिकलं असेल असं समजू नका. काही वर्षांतच माणसं फुटली. वर्तमानपत्र ज्यांना जायचं त्यांची यादी क्लारा लम यांच्याबरोबर पोर्टलंडला गेली. गोऱ्यांनी आपापली वेगळी चर्चं काढली, आणि इतके घाव बसल्यावर खुद्द सीमोर यांनी 1915 मध्ये नियम केला की मिशनचे अधिकारी कृष्णवर्णीयच असावेत. गोऱ्यांना सभासद व्हायला बंदी नव्हती. ज्याच्यासाठी एकदा दार किलकिलंच उघडलं गेलं होतं, त्याला असा नियम लिहावा लागला. 1922 मध्ये ते गेले, 1931 मध्ये ही इमारत पाडली. आता तिथे लिटल टोकियोतलं एक जपानी सांस्कृतिक केंद्र आणि त्याचं मोकळं पटांगण आहे.

पण आपण अजून तिथेच आहोत, आणि आज रात्री पाय धुण्याचा विधी आहे. प्रभुभोजनाबरोबर इथे हाही विधी मानतात. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तसं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. आपापल्या बाजूला बसा आणि बूट काढा. मोजेही. हो, भोक आहे मोज्याला, दिसलं सगळ्यांना. त्यांच्याही आहे.

घमेलं सरकत सरकत येतं. भुशावर पाणी सांडून चिखल झालाय. तुमच्यासमोर कुणीतरी गुडघे टेकतं, तुमची टाच तळहातावर घेतं. हात खरबरीत आहेत, पाणी कोमट, आधीच्या पावलांनी गढूळलेलं. पाय मागे घ्यावासा वाटतो. पाय धुवून घ्यायला इतकं अवघड जाईल असं तुम्हाला वाटलं नव्हतं. धुणं सोपं, त्यात निदान आपण काहीतरी करत असतो. इथे नुसतं बसायचं, आपली भेगाळलेली टाच दुसऱ्याच्या हातात देऊन, आणि आपल्या आजोबांच्या घरी कुणाला पाणी वरून ओतलं जायचं ते आठवत. पलीकडे सीमोर एका पोऱ्याचे पाय पुसताहेत. बोटांच्या बेचक्यांतूनही नीट, घाई न करता. त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही, कारण प्रत्येक जण आपल्या कामात आहे.

झाले तुमचे पाय. रुमाल आता तुमच्या खांद्यावर पडलाय. ओलाच आहे, दुसरा मिळणार नाही. तुमच्यासमोर आता जे बूट सोडताहेत त्यांच्या जाकिटावर साखळी आहे. गाठ सुटत नाहीये त्यांची, बोटं थरथरताहेत. मदत करा. आणि घमेल्यातलं पाणी फार गढूळ झालंय, आधी ते बदलून आणा. गर्दीतून वाट काढताना कुणाच्या अंगावर सांडू नका.